दादा, त्या रकान्यात टिक करू का?

मला फोनवर नीट ऐकू येत नाही हे घरच्या सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे माझ्या मामेबहिणीला काही विचारायचं असलं की ती व्हॉट्सअॅपवर लिहिते. एका रात्री उदगीरहून तिचे ओळीने तीन मेसेज आले. "दादा, इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीचा फॉर्म भरतेय." "कास्ट सर्टिफिकेट अपलोड करायला जागाच दिसेना. व्हॅलिडिटी पण काढून ठेवलीय." आणि तिसरा: "डिसॅबिलिटीचा रकाना आहे. हो, नाही, सांगायचं नाही. टिक करू का?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. खासगी कंपनी जात विचारत नाही, निदान फॉर्मवर तरी. जातीचा दाखला, वैधता, उत्पन्न, रहिवासी अशा ज्या फाईलीसाठी आपण तहसीलचे उंबरे झिजवतो, ती फाईल होसूर रोडच्या या टोकाला कुणी उघडत नाही. दुसऱ्या प्रश्नाला मात्र मला चार दिवस लागले. "विचार करून सांगतो" एवढं लिहून मी फोन पालथा ठेवला. त्या चार दिवसांत जे डोक्यात आलं ते इथे मांडतो आहे, कारण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. हा स्तंभ वाचणाऱ्यांपैकी कित्येकांनी असा फॉर्म भरला असेल किंवा उद्या भरतील.

ती बीसीए झाली आहे; मामाच्या घरात पदवी घेतलेली पहिली. सहा वर्षांची असताना आईवडिलांसोबत ऊसतोडीला गेली होती. कोयत्यावर गेलेल्या जोडप्याची पोरं फडातच वाढतात. ट्रॅक्टरची ट्रॉली मागे घेताना तिचा डावा पाय खाली आला. मुकादमाने दवाखान्यापर्यंत नेलं आणि तो खर्च पुढच्या उचलीत धरला. आज तिच्याकडे ४५ टक्क्यांचं प्रमाणपत्र आणि पिवळं यूडीआयडी कार्ड आहे. ज्यांना हे रंग माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो: ४० टक्क्यांच्या खाली पांढरं कार्ड, ४० पासून पुढे पिवळं, ८० पासून निळं.

माझं कार्ड पांढरं आहे. लहानपणी माझे दोन्ही कान वाहायचे. आई कोमट तेल घालायची, आजी लसणाची पाकळी ठेवायची. कानाचा डॉक्टर लातूरला आणि लातूरचं भाडं म्हणजे एका दिवसाचा रोज. शाळेत मी मागच्या बाकावर बसायचो. का, ते या वाचकांना सांगायला नको. मागच्या बाकावरून मला अर्धंच ऐकू यायचं आणि गुरुजींनी ठरवून टाकलं होतं की पोरगं मंद आहे. कानामुळे मंद की जातीमुळे मंद, हा हिशोब त्यांनी कधी वेगळा केला नसावा. मलाही अजून तो करता आलेला नाही.

लोक अपंगत्वाकडे नशीब म्हणून बघतात. पण २०११ च्या जनगणनेत देशातल्या एकूण लोकसंख्येत अपंगत्वाचं प्रमाण २.२१ टक्के, तर अनुसूचित जातींमध्ये २.४५ टक्के होतं. फरक लहान दिसतो, पण तो उगाच आलेला नाही. न तपासलेले कान, फडातली ट्रॉली, गटारात उतरलेली माणसं, बाळंतपणात न मिळालेला दवाखाना. अपंगत्व काही प्रमाणात घडवलं जातं, आणि कुठल्या वस्तीत जास्त घडवलं जातं हे आपल्याला ठाऊक आहे.

एमए झाल्यावर, पीएचडीला लागण्याआधी, २०२२ मध्ये मी इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला लागलो आणि ती अकरा महिने केली. कंपनीचं नाव सांगत नाही. परदेशी क्लायंटसाठी मराठी मजकूर तपासायचं काम होतं. लोकांनी लिहिलेल्या पोस्टी वाचायच्या आणि ठेवायच्या की काढायच्या ते ठरवायचं. वाचायचं काम, म्हणजे माझ्यासारख्याला सोयीचं. डोड्डतोगुरूच्या पीजीत तिघांत एक खोली. तिथे मी दोन गोष्टी लपवायला शिकलो. आडनाव सांगायची वेळ आली की गावाचं नाव सांगायचो. आणि कानामागचं मशीन दिसू नये म्हणून केस वाढवले. दोन्ही लपवालपवींना सारखीच मेहनत लागते हे तेव्हा लक्षात आलं. समोरचा काय विचारणार याचा अंदाज दोन पावलं आधी घ्यावा लागतो. संध्याकाळपर्यंत माणूस थकून जातो आणि काम मात्र आठच तासांचं केलेलं असतं.

मग ३ डिसेंबर आला, जागतिक अपंग दिन. एचआरचा मेल आला: आपली ओळख मोकळेपणाने सांगा, आम्ही तुमच्यासोबत आहोत. मी सांगितली. केक कापला, मजल्यावरच्या भिंतीवर माझा फोटो लागला, खाली इंग्रजीत काहीतरी प्रेरणादायी ओळ. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. गावाकडे फोटोही पाठवला. (१४ एप्रिलला असा केक कधी कापला गेला नाही, ती गोष्ट वेगळी.)

आठवड्याभराने मी दोन गोष्टी मागितल्या. टीमच्या कॉलवर खाली अक्षरं उमटतील असं कॅप्शन चालू ठेवा आणि चुका तोंडी न सांगता लिहून द्या. दोन्हीला पैसा लागत नाही. "बघतो" म्हणाले. दोन महिन्यांनी पुन्हा विचारलं तर क्लायंटच्या सिस्टीममध्ये बसत नाही असं उत्तर आलं. अप्रेझलमध्ये शेरा होता: कम्युनिकेशनमध्ये सुधारणा आवश्यक. करार वाढवला नाही. निघताना मी एचआरला धोरणाबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी माझ्या पांढऱ्या कार्डाकडे बोट दाखवलं. ४० टक्क्यांच्या वर असता तर काही करता आलं असतं, म्हणाले. माझी टक्केवारी ३६.

आणि समाजशास्त्रात एमए केलेल्या मी ते खरं मानलं. मुकाट्याने आयडी कार्ड जमा केलं. आजही सगळ्यात जास्त खटकतं ते हेच.

कारण ते खरं नव्हतं. २०१६ चा अपंगत्व हक्क कायदा दोन वेगवेगळ्या माणसांबद्दल बोलतो. एक, अपंगत्व असलेली व्यक्ती: जिची दीर्घकाळची शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा ज्ञानेंद्रियांची उणीव, समोरच्या अडथळ्यांशी गाठ पडल्यामुळे, तिला इतरांच्या बरोबरीने समाजात वावरू देत नाही. या व्याख्येत टक्केवारीचा उल्लेखच नाही. दुसरी, बेंचमार्क अपंगत्व असलेली व्यक्ती: प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के. आरक्षण दुसरीला. पण भेदभावापासून संरक्षण आणि 'रीझनेबल अकॉमोडेशन', म्हणजे वाजवी सोय, ही पहिलीलाही. वाजवी सोय नाकारणं हाच कायद्याच्या व्याख्येत भेदभाव आहे. हे सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात स्पष्ट केलं. त्या उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा त्रास होता. ४० टक्के भरत नाही म्हणून यूपीएससीने लेखनिक नाकारला होता. न्यायालय म्हणालं की लेखनिकाचा हक्क बेंचमार्कवाल्यांपुरता बांधता येणार नाही. निकालाची तारीख ११ फेब्रुवारी २०२१. माझा करार संपला त्याच्या कितीतरी आधीची.

टक्केवारीची ही सुरी दोन्ही बाजूंनी कापते, तेही बघा. ओंकार गोंड हा महाराष्ट्रातला ओबीसी विद्यार्थी. बोलण्याशी संबंधित अपंगत्व ४४-४५ टक्के. त्याला अपंगांच्या जागेवर एमबीबीएसला प्रवेश हवा होता, पण नियम असा की ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर तो वैद्यकीय शिक्षणालाच अपात्र. खाली असाल तर आरक्षण नाही, वर असाल तर प्रवेश नाही. ऑक्टोबर २०२४ च्या निकालपत्रात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसत्या आकड्यावरून कुणाला बाद करता येणार नाही, त्या माणसाला तो अभ्यासक्रम झेपतो का ते तपासा. एवढी साधी गोष्ट कळायला दिल्लीपर्यंत जावं लागलं.

आता मुद्द्याचं. हे सगळे खटले नीट वाचले तर एक गोष्ट दिसते: समोर जवळजवळ नेहमी सरकार आहे. यूपीएससी, सीआरपीएफ, रेल्वे, विद्यापीठ. कर्नाटकातल्या सिद्दराजू खटल्यात, ज्यातून २०२० मध्ये अपंगांना पदोन्नतीतही आरक्षण पक्कं झालं, तिथेही समोर राज्य सरकारच. हा योगायोग नाही. कायद्याचं कलम ३ भेदभाव नको म्हणतं आणि कोणाला वगळत नाही. पण नोकरीतल्या भेदभावाबद्दलचं खास कलम २० 'सरकारी आस्थापना' असाच शब्द वापरतं. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढता येणार नाही, पद कमी करता येणार नाही, ही हमीही त्याच कलमात आहे, म्हणजे सरकारी नोकरापुरती. ४ टक्के आरक्षण सरकारी. खासगी मालकाला काय? वीस किंवा जास्त माणसं असतील तर समान संधी धोरण लिहून काढायचं, त्यात अपंगांसाठी कोणती पदं आणि कोणत्या सोयी ते सांगायचं, एक संपर्क अधिकारी नेमायचा, धोरणाची प्रत आयुक्तांकडे नोंदवायची. आणि ५ टक्के माणसं घेतलीत तर सरकार प्रोत्साहन देईल, असं कलम ३५. प्रोत्साहनाची हीच भाषा १९९५ च्या जुन्या कायद्यातही होती. १ एप्रिल २००८ पासून केंद्राने मालकाचा पीएफ आणि ईएसआयचा वाटा स्वतः भरायची योजनाही आणून पाहिली. तरी कंपन्यांच्या दारात रांग लागली नाही.

शिक्षेची कलमं शेजारी ठेवून वाचा, म्हणजे कायद्याचा कल कळेल. अपंगांचा लाभ फसवून घेतला तर कलम ९१: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. कंपनीने कायद्याच्या तरतुदी मोडल्या तर कलम ८९: पहिल्यांदा दहा हजारांपर्यंत दंड. दहा हजार म्हणजे इथल्या पीजीचं महिन्याचं भाडं आणि थोडा चहा. पुन्हा मोडल्या तर पन्नास हजार ते पाच लाख. आणि राज्य आयुक्तांकडे तक्रार केली तर ते समन्स काढू शकतात, कागद मागवू शकतात, पण शेवटी देतात ती शिफारस.

हे आपल्याला ओळखीचं वाटायला हवं. खासगी क्षेत्रातल्या आरक्षणाची मागणी आपण किती वर्षं करतो आहोत? २००४ च्या यूपीए सरकारच्या किमान समान कार्यक्रमात तो विषय आला तेव्हा उद्योग संघटनांनी 'आम्ही स्वेच्छेने करू' म्हणत आचारसंहिता पुढे केली होती. जुलै २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने स्थानिकांना खासगी नोकऱ्यांत आरक्षणाचं विधेयक मंजूर केलं आणि आयटी उद्योगाचा आरडाओरडा होताच दोन दिवसांत गुंडाळून ठेवलं. त्या विधेयकाबद्दल माझं मत काहीही असो (मी तर इथे परका मराठी), दोन दिवस हा वेग लक्षात ठेवण्यासारखा आहे. दलितांच्या बाबतीत स्वेच्छा, अपंगांच्या बाबतीत स्वेच्छा. फरक इतकाच की अपंगत्वाच्या स्वेच्छेला केक आहे, जातीच्या स्वेच्छेला रकानासुद्धा नाही.

आणि कंपन्यांना बंधन झेपत नाही असं कुणी सांगू नये. इथल्या कित्येक इमारतींवर अमेरिकी नावं आहेत. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने पंधरा किंवा जास्त नोकरदार असलेल्या खासगी मालकालाही अपंगत्वावरून भेदभाव करायला बंदी आहे आणि वाजवी सोय द्यावी लागते. तिथल्या केंद्र सरकारची कंत्राटं घेणाऱ्यांना २०१४ मध्ये ७ टक्के अपंग कर्मचाऱ्यांचं उद्दिष्ट घालून दिलं गेलं आणि उमेदवाराला अपंगत्व विचारणारा एक ठरावीक फॉर्म देणं सक्तीचं झालं. माझ्या बहिणीच्या समोरचे ते तीन पर्याय त्याच फॉर्मच्या वळणाचे आहेत. फॉर्म समुद्र ओलांडून आला, त्याच्या मागचा कायदा तिकडेच राहिला. जातीचंही तसंच. आयटी कंपनीत दलित अभियंत्याशी जातीवरून भेदभाव झाल्याचा जगभर गाजलेला दावा २०२० मध्ये सिस्कोवर लागला तो कॅलिफोर्नियात, तिथल्या सरकारी खात्याने लावला. ज्या देशात जात जन्मली तिथल्या खासगी नोकरीत जातीवरून भेदभाव झाला तर कोणत्या खात्याकडे जायचं, हे मला कुणी सांगावं.

सरकारी दार सोपं आहे असंही नाही. उल्हासनगरची प्रांजल पाटील २०१६ च्या निकालात यूपीएससीत ७७३ वी आली. रेल्वेच्या लेखा सेवेत नेमणूक होणार होती, तर रेल्वेने पूर्ण अंधत्वाचं कारण देऊन नाकारलं. पुढच्या वर्षी ती १२४ वी येऊन आयएएस झाली. आपण तिचा सत्कार केला, तिच्या जिद्दीच्या गोष्टी व्हॉट्सअॅपवर फिरवल्या. रेल्वेला जाब किती जणांनी विचारला? पुन्हा परीक्षा देऊन सहाशेवर क्रमांक वर येणं हे न्यायाचं मोजमाप असेल, तर ज्याची दुसऱ्यांदा परीक्षा द्यायची ऐपत नाही त्याने काय करावं?

आणि २०२४ चा पावसाळा आठवा. पुण्याचं पूजा खेडकर प्रकरण. ओबीसी आणि अपंगत्व, दोन्ही प्रमाणपत्रांवर प्रश्न उभे राहिले, ३१ जुलैला यूपीएससीने उमेदवारी रद्द केली. तिने आरोप नाकारले आहेत. त्याचा निवाडा न्यायालय करेल. मला सांगायचं आहे ते आमच्या लायब्ररीच्या पायऱ्यांवर घडलं ते. त्या महिन्यात माझ्या कानाच्या मशीनकडे बघून एका ओळखीच्याने हसत विचारलं, "तुझं खरं आहे ना?" तेलंगणातल्या एका ज्येष्ठ आयएएस अधिकाऱ्याने सेवांमध्ये अपंगांना आरक्षण हवंच कशाला असा सवाल जाहीरपणे केला. एका माणसावरचा संशय पूर्ण समूहावर पसरवायची ही रीत आपण ओळखतो. बोगस जात प्रमाणपत्राची बातमी आली की हॉस्टेलवर आपल्याकडे कसं बघतात, अगदी तसंच.

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी: आपल्याकडेही या बाबतीत अंधार आहे. 'अंधार' हा शब्दही मी सहज वापरला, बघा. आपल्या पत्रकारितेचा आरंभच ३१ जानेवारी १९२० च्या 'मूकनायक'पासून. मुक्या समाजाला वाचा देणारं ते नाव मला आजही अभिमानाचं वाटतं. पण मूक, बहिरं सरकार, आंधळा न्याय ही सगळी रूपकं वापरताना खरोखर मुकं, बहिरं, आंधळं माणूस आपल्या सभेत कुठे बसलंय हे आपण बघत नाही. परिवर्तनाची व्याख्यानं तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये ठेवतो, जिथे लिफ्ट नाही. सांकेतिक भाषेचा दुभाषी मी एकाही जयंतीच्या मंचावर पाहिलेला नाही. मिरवणुकीच्या डीजेसमोर मी मशीन बंद करून चालतो. तेवढ्यापुरता माझा कान सगळ्यांत सुखी असतो.

तरी अपंगांच्या लढ्याला सगळ्यात जवळची भाषा आपलीच आहे. २७ डिसेंबर २०१५ ला पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये 'दिव्यांग' शब्द सुचवला. जानेवारी २०१६ मध्ये अपंगांच्या संघटनांनी पत्र लिहून सांगितलं की आम्हाला दिव्य करू नका, हक्क द्या. तरी शब्द रुजला. कायद्याच्या हिंदी नावात आला, महाराष्ट्रात त्या नावाचा स्वतंत्र विभाग झाला. ज्यांनी 'हरिजन' शब्दाचा इतिहास वाचला आहे त्यांना यात नवीन काय? १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत त्या शब्दावरून बाबासाहेब आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य सभात्याग करून बाहेर पडले होते. देवाचं नाव देऊन माणसाचा हक्क बाजूला सारायची ती युक्ती होती आणि ही तिचीच धाकटी बहीण आहे. म्हणून मी 'अपंगत्व' लिहितो. शब्द खरखरीत आहे, पण माझा आहे.

कायद्यातही आपल्या लढ्याची खूण आहे. कलम ९२ काढून बघा: सार्वजनिक दृष्टीस पडेल अशा ठिकाणी अपंग व्यक्तीला हीन लेखण्याच्या हेतूने जाणूनबुजून अपमानित केलं किंवा धमकावलं, तर सहा महिने ते पाच वर्षं कैद. ओळखीची वाटली ना ही रचना? १९८९ च्या अॅट्रॉसिटी कायद्याचीच ती घडण आहे, जवळपास शब्दाला शब्द. सरकारी नाही, खासगी नाही, कुणीही असो. अपमान हा गुन्हा आहे हे या देशाच्या कायद्याला दलितांनी शिकवलं आणि ते शिकल्यावर कायद्याने ते अपंगांनाही लागू केलं.

पण दोन्ही एकाच अंगावर असलेली माणसं? त्यांना कायदा अजून एकसंध बघत नाही. २०२१ च्या पाटण जमाल वली खटल्यात आंध्रातल्या एका अंध दलित मुलीवर बलात्कार झाला होता. जात, लिंग आणि अपंगत्व एकत्र कसे काम करतात यावर सर्वोच्च न्यायालयाने पानंच्या पानं लिहिली, फार चांगली लिहिली. बलात्काराची शिक्षा कायम ठेवली. आणि अॅट्रॉसिटीखालची शिक्षा रद्द केली, कारण गुन्हा जातीच्या कारणाने झाला हे पुराव्यात सिद्ध केलं गेलं नव्हतं. सरकारी भरतीत तरी इंद्रा साहनी निकालापासून जातीचं आरक्षण उभं आणि अपंगत्वाचं आडवं, दोन्ही एकमेकांना छेदतात. माझी बहीण दोन्ही रकाने भरू शकते. इथे खासगी फाटकावर तिला अर्धंच यावं लागतं. पाय दाखवायचा, जात झाकायची.

गेल्या चार दिवसांत मी एकदा बोम्मसंद्राला जाऊन आलो. इलेक्ट्रॉनिक सिटीच्या पुढे मेट्रोची यलो लाइन तिथे संपते आणि कारखाने सुरू होतात. माझ्या संशोधनासाठी मी तिथल्या मराठवाड्यातून आलेल्या कामगारांना भेटतो. एकाची उजव्या हाताची तीन बोटं पॉवर प्रेसमध्ये गेली. ईएसआयकडून दरमहा काही रक्कम येते. नोकरी गेली. सरकारी कारकून असता तर कलम २० ने त्याची नोकरी वाचली असती. तो आता एका मोठ्या आयटी कॅम्पसच्या बाहेर चहाच्या गाड्यावर असतो. आतल्या भिंतीवर समावेशनाची पोस्टरं असतात हे मी त्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मला आत सोडत नाहीत, मी कसं बघणार?"

येताना वाटेत कोनप्पना अग्रहार स्टेशन लागतं. अग्रहार म्हणजे ब्राह्मणांना दान दिलेलं गाव. नावाच्या पुढे आता एका आयटी कंपनीच्या फाउंडेशनचंही नाव जोडलं आहे. दोन्ही नावं एका पाटीवर बघून मला हसू आलं, शेजारच्या बाईंना कळेना काय झालं. मेट्रोत लिफ्ट आहे, जमिनीवर अंधांसाठी उठावाच्या पट्ट्या आहेत. खाली उतरलं की फुटपाथ संपतो. वरून २०१० पासूनचा एलिव्हेटेड रस्ता गाड्या झपाट्याने नेतो आणि खाली सर्व्हिस रोडवर पायी चालणाऱ्याला उंच कठड्यावरून उडी मारावी लागते. खासगी कामाची जागाही कायद्याने सार्वजनिक इमारतीतच मोडते आणि अशा जुन्या इमारती अपंगांना वापरता येतील अशा करायची पाच वर्षांची मुदत २०२२ मध्येच संपली. पण इमारतीपर्यंत पोहोचायचं कसं?

काल रात्री मी तिला उत्तर लिहिलं. टिक कर. पण त्याआधी कंपनीला मेल टाक: तुमच्या समान संधी धोरणाची प्रत पाठवा आणि संपर्क अधिकाऱ्याचं नाव कळवा. उत्तर आलं तर जपून ठेव, नाही आलं तरी आपला मेल जपून ठेव. परीक्षा कुठल्या मजल्यावर, लिफ्ट आहे का, हेही लेखी विचार. फोनवर कुणी काही कबूल केलं तर लगेच 'आपलं आज असं बोलणं झालं' म्हणून मेलवर टाक. मी यातलं काही केलं नव्हतं.

ती म्हणाली, "असं विचारलं तर घेतील का?"

मी लिहिलं, माहीत नाही.

बराच वेळ टायपिंगचे तीन ठिपके दिसत राहिले. मग तिने लिहिलं की मेल इंग्रजीत तयार करून दे, ती तिच्या नावाने पाठवेल. आणि मुलाखत लागली तर लातूरहून येणाऱ्या गाडीने यशवंतपूरला उतरून पुढे कसं यायचं? मी सांगितलं, यशवंतपूरहून ग्रीन लाइन, आर. व्ही. रोडला बदलून यलो लाइन, सरळ इलेक्ट्रॉनिक सिटी. तिने विचारलं, गाडी बदलताना जिने किती आहेत आणि लिफ्ट रोज चालू असते का?

उद्या सकाळी जाऊन बघतो आणि सांगतो.